बेचिराख : राखेचा काय संबंध?

सोलापूरहून प्रश्न आला आहे : घाटाला नवा रस्ता झाला आणि जुन्या रस्त्याकडेची वस्ती नाहीशी झाली, तर ती 'बेचिराख झाली' म्हणावं का? की त्यासाठी आग लागावी लागते?

आग कशाला लागते! यंत्रमागाचं गोदाम पेटलं की 'आगीत बेचिराख' हा मथळा ठरलेलाच. लिहिणाऱ्याला शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसतात. शब्द फोडायचा तो बे + चिराख असा. 'बे' बेइमान, बेवारसमधला. फारसी 'चराग' म्हणजे दिवा. मराठीत त्याचं चिराग झालं, चिराक झालं, चिराखही झालं. म्हणजे संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरलं नाही ते गाव बेचिराख. 'घरात दिवा लावायला कोणी नाही' हे आपण म्हणतोच. महसुली कारकुनाने तेच फारसीत लिहिलं, इतकंच.

दफ्तरात 'बेचिराग' नोंदलेलं मौजे, म्हणजे महसुली गाव, ओस असतं, पण पुसलेलं नसतं. त्याची शीव, गट नंबर, सातबारा सगळं चालू राहतं आणि जमीन शेजारगावचे लोक कसतात. जळून खाक झालेल्या गोदामाला यातलं काय लागू पडतं?

काही जाणकार तरीही राखेला धरून बसतात. त्यांचा पुरावा काय, तर ओस गावाच्या पांढरीत खणलं की राख लागते. अहो, पांढर म्हणजेच पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या मातीच्या भिंती, शेण आणि चुलीची राख. नांदत्या गावाखालीही तीच निघेल! व्युत्पत्ती कुदळीने काढत नाहीत. उद्या हेच लोक तुळजापूरच्या डोंगराला बाळाचा घाट म्हणतील. बालाघाटातला 'बाला' फारसी, अर्थ 'वरचा'. घाटाखालच्या मुलखाला त्याच चालीवर पाईनघाट म्हणत.

हां, वस्तीचं राहिलंच. ती स्वतंत्र मौजे होती का, हे आधी गावनकाशावर बघा. वेगळी शीव आणि गावठाण दिसलं तर बेचिराग खुशाल लिहा. रस्त्याच्या हद्दीतल्या टपऱ्या, खानावळी, पंक्चरची दुकानं एवढंच असेल, तर महसुली अर्थाने ते गाव कधी नव्हतंच. तिथे 'वस्ती उठली' लिहा. बाजार उठतो, पेठ उठते, तशी वस्तीही उठते.