घागऱ्याखालचा ‘कॅनकॅन’ आणि घोड्याचे केस

एका भाषांतरकार ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या लग्नाच्या बस्त्याला गेल्या असताना दुकानदाराने त्यांना विचारलं, “कॅनकॅन सिंगल लावू की डबल?” त्यांनी डबल सांगितला, पण शब्द डोक्यातून जाईना. कॅनकॅन हा तर नाच, तो घागऱ्याखाली कसा शिरला? त्याच सुमारास त्या एकोणिसाव्या शतकातली एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणत होत्या आणि तिच्यात पानोपानी ‘क्रिनोलिन’ येतं. हे आणि ते एकच का? मराठीत सरळ ‘कॅनकॅनचा घागरा’ लिहिलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही चालणार. का, ते सांगायला मात्र थोडं लांबून यावं लागेल.

कॅनकॅन म्हणजे आज आपल्याकडे घागऱ्याच्या अस्तराखाली लावतात ती कडक जाळी. चुण्या घालून, थरावर थर देऊन ती शिवतात, म्हणजे घेर फुलून उभा राहतो. ती पायाला टोचते, म्हणून तिच्याखाली पुन्हा एक मऊ अस्तर. आणि ताई, तुमची शंका बरोबर आहे, नाव नाचावरूनच पडलंय. १८३०च्या आसपास पॅरिसच्या सार्वजनिक नाचघरांत हा धांगडधिंगा सुरू झाला. पुढे १८८९ साली तिथेच मुलाँ रूज हे नाचगाण्याचं ठिकाण उघडलं आणि तिथल्या नर्तकींनी तो जगप्रसिद्ध केला. पाय उंच उडवायचा आणि त्यासोबत झालरी-झालरींचा परकर फडकवायचा, यातच त्याची सगळी गंमत. १९५०च्या दशकात अमेरिकेत नायलॉनच्या जाळीचे फुगीर परकर निघाले, तेव्हा त्या झालरी पाहून लोकांना हाच नाच आठवला आणि परकरालाच ‘कॅनकॅन’ म्हणू लागले. आपल्या बाजारात आता त्यातला परकरही गळाला आणि नुसत्या जाळीला ते नाव उरलं.

मूळ फ्रेंच ‘कॅनकॅन’चा अर्थ कुचाळक्या, गलका. तो कुठून आला यावर दोन मतं आहेत. एक मत बदकाच्या ‘क्वॅक क्वॅक’कडे बोट दाखवतं. दुसरं म्हणतं की हा लॅटिन ‘क्वाम्क्वाम’, म्हणजे ‘जरी’. या शब्दाच्या उच्चारावरून पॅरिसच्या पंडितांत सोळाव्या शतकात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्या भांडणाचं नावच पुढे कुठल्याही निरर्थक कलकलाटाला पडलं. मला दुसरं मत जास्त आवडतं. आवडीवर व्युत्पत्ती ठरत नाही हे कबूल, पण व्याकरणाच्या वादातून निघालेला शब्द नवरीच्या घागऱ्याखाली येऊन बसावा, हे फारच छान आहे.

आता क्रिनोलिन. ‘क्रॅं’ म्हणजे घोड्याच्या शेपटीचे-आयाळीचे राठ केस (लॅटिन ‘क्रिनिस’, केस) आणि ‘लॅं’ म्हणजे लिननचा धागा. लिनन ज्या झाडापासून निघतं तेच आपलं जवस. आपण त्याची चटणी केली, युरोपने कापड विणलं. तर क्रिनोलिन हे मुळात कपड्याचं नाव नव्हेच, ते कापडाचं नाव. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती किंवा लिननचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, घोड्याच्या केसांचा. केस काही मैलभर लांब नसतो, त्यामुळे या कापडाचा पन्हा शेपटीच्या लांबीएवढाच. पण काय ताठ! फ्रान्समध्ये सैनिकांचे कडक गळपट्टे याचे करत. चुरगळलं तरी पुन्हा आपोआप उभं राहायचं.

१८४०च्या दशकात बायकांच्या झग्यांचा घेर वाढत चालला, तेव्हा हे कापड परकराला लावायला सुरुवात झाली. त्याआधी परकरात ओळीने सुती दोऱ्या शिवून तो ताठ करत. खळ तर सगळीकडेच होती. आपल्याकडे लुगड्याला खळ देत तशीच, फक्त जास्त घट्ट. तरी घेर पुरेना. मग एकावर एक परकर चढवायचे, चार, पाच, सहा. उन्हाळ्यात हे सगळं कमरेवर बांधून चालण्याची कल्पना करून बघा.

आणि मग १८५६ आलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये मिये नावाच्या माणसाने एका सांगाड्याचं पेटंट घेतलं. घड्याळाच्या कमानीला वापरतात तसल्या लवचीक पोलादाची कडी, वर लहान आणि खाली मोठी होत जाणारी, उभ्या पट्ट्यांना टांगलेली. बस्स. सहा परकरांचं काम एका हलक्या पिंजऱ्यावर भागलं. पाय मोकळे झाले, वारा खेळू लागला. म्हणूनच तो नुसता राजवाड्यापुरता राहिला नाही. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी तो घालत होती आणि गिरणीतली कामगार पोरगीही घालत होती. १८६०मध्ये कोर्टाल्ड या इंग्रज कापड कंपनीला आपल्या कामगार बायकांना बजावावं लागलं की हे घेरदार प्रकरण घरी ठेवून कामावर या. यंत्रांच्या गर्दीत ते कुठे अडकेल याचा नेम नव्हता.

शब्दाच्या दृष्टीने खरी मौज इथे आहे. पोलादी पिंजऱ्यात ना घोडा होता ना जवस, तरी लोक त्याला क्रिनोलिनच म्हणत राहिले, कारण आधी तेच काम क्रिनोलिनचा परकर करत होता. आपल्याकडे हे काही नवीन नाही. ‘तेल’ म्हणजे तिळाचं. तरी आपण खोबऱ्याचं तेल म्हणतो आणि रॉकेललाही मातीचं तेल म्हणून मोकळे होतो. ‘शाई’ म्हणजे मुळात काळेपणा, फारसी ‘सियाही’. तरी निळी शाई, लाल शाई खुशाल चालते. वस्तू बदलते, काम तेच राहतं आणि नाव कामाला चिकटतं. उलट बाजूही बघा: आज डिझायनर मंडळी घागऱ्याच्या काठाला आतून एक ताठ पट्टी लावतात, तिला ‘हॉर्सहेअर’ म्हणतात. ती बहुधा नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते. म्हणजे पोलाद आलं, गेलं, प्लास्टिक आलं, आणि घोडा अजून नावात उभाच आहे.

या पिंजऱ्याची थट्टा खूप झाली, पण त्याचं एक रूप थट्टेचं नव्हतं. घेर एवढा की मागे चुलाण्याला, मेणबत्तीला कापड टेकलंय हे घालणारीला कळायचंच नाही, आणि आतल्या पोकळीत भरपूर हवा असल्याने ज्वाळा क्षणात वर चढायच्या. ८ डिसेंबर १८६३ला चिलीची राजधानी सांतियागो इथल्या ला कोम्पान्यिया चर्चला आग लागली, त्यात दोन हजारांहून अधिक माणसं गेली. त्यात बहुसंख्य बायका होत्या. दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि एकमेकींत अडकलेल्या त्या घेरांनी सुटण्याची वाट आणखी बंद केली. १८६०च्या दशकाच्या शेवटी घेर पुढून सपाट होत मागे सरकला आणि त्याचं ‘बसल’ झालं, म्हणजे फक्त पाठीमागे उंचवटा. त्या प्रकाराकडे मी वळत नाही, तुमच्या प्रश्नात तो नाही.

पण क्रिनोलिनच्या आजी-पणजीची नावं सोडवत नाहीत.

सगळ्यात जुनी स्पॅनिश. ‘वेर्दुगो’ म्हणजे झाडाचा हिरवा कोवळा फोक. १४७०च्या आसपास कास्तीलच्या दरबारात घागऱ्याला अशा लवचीक काड्यांची कडी बसवू लागले आणि त्या घागऱ्याला ‘वेर्दुगादो’ नाव पडलं, शब्दशः ‘फोक लावलेला’. राणी हुआनाने गरोदरपण लपवायला हे काढलं अशी कुजबूज तेव्हापासून चालत आलीये. सुरुवातीला ही कडी बाहेरून दिसत, नंतर ती आत गेली. याच ‘वेर्दुगो’चा स्पॅनिशमध्ये आणखी एक अर्थ आहे: फाशी देणारा जल्लाद. हे ऐकून दचकायला होतं, पण मराठी माणसाला तरी समजायला अडचण नसावी. फोक म्हटलं की आपल्याला झाड आधी आठवतं की मास्तर? निरगुडीचा फोक काढायचा तो पाठीवर ओढायलाच. कोवळी फांदी, तिचा चाबूक, चाबूक मारणारा आणि शेवटी जल्लाद, असा तो शब्द चढत गेला. त्याच फांदीची दुसरी शाखा घागऱ्यात शिरली.

१५०१मध्ये स्पेनची राजकन्या, आरागोनची कॅथरीन, लग्नासाठी इंग्लंडला गेली, तिच्यासोबत हा घागराही गेला. फ्रेंचातून फिरत फिरत इंग्रजीत तो ‘फार्दिंगेल’ झाला. फार्दिंग नाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फ्रेंचांनी तर आणखी गंमत केली. त्यांच्या तोंडी तो ‘वर्तुगादँ’ झाला होता. त्यात त्यांना ‘वर्तू’, म्हणजे शील, ऐकू आलं आणि ‘शीलाचा राखणदार’ असा अर्थ त्यांनी बसवून टाकला. एवढ्या घेराच्या बाईजवळ कोण जाणार, हे त्यामागचं तर्कशास्त्र. आपण ‘पेटीकोट’मध्ये जशी ‘पेटी’ ऐकतो तसंच. मला लहानपणी खात्रीच होती की कमरेला पेटीसारखा आवळतात म्हणून पेटीकोट. खरं तर तो ‘पेटी कोट’, छोटा कोट. ‘पेटी’ म्हणजे फ्रेंच ‘पती’, लहान. आणि पंधराव्या शतकात तो पुरुष अंगरख्याच्या आत घालत! बायकांकडे आला, कमरेखाली उतरला आणि शेवटी साडीखाली गेला. हिंदी-बांगलातला ‘साया’ हा परकर फारसी सावलीचा नाही, तो पोर्तुगीज ‘साया’, म्हणजे घागरा.

स्पेनने सतराव्या शतकात आडवा रुंद ‘ग्वार्दाइन्फान्ते’ काढला, अर्थ ‘पोर सांभाळणारा’. पुन्हा तीच गरोदरपणाची कुजबूज. राजा फेलिपे चौथ्याने १६३९मध्ये त्यावर बंदी घातली. सूट फक्त वेश्यांना. याने प्रतिष्ठित बायका तो टाकतील असा हिशेब होता. पण सतरा वर्षांनी वेलास्केसने त्याच राजाच्या लेकीचं, मार्गारीताचं, प्रसिद्ध चित्र काढलं, त्यात ती पाच वर्षांची पोर अशाच आडव्या घेरात उभी आहे. राजाज्ञेची घरातच ही गत.

अठराव्या शतकातला ‘पानिये’ माझा सगळ्यात लाडका. अर्थ टोपली. दोन्ही कुशींना दोन टोपल्या बांधाव्यात असा तो आकार, पुढून-मागून चपटा आणि बाजूंना इतका रुंद की दारातून तिरकं जावं लागे. ‘पानिये’ आला लॅटिन ‘पानारियुम’ म्हणजे भाकरीची टोपली यावरून, आणि तो ‘पानिस’ म्हणजे पाव यावरून. ‘पानिस’चा पोर्तुगीजांनी ‘पाँव’ केला आणि गोव्याच्या वाटेने तो आपल्या वडापावात आला. लडाखला बुलेटवरून जाणारी पोरं मागे दोन बाजूंना ज्या ‘पॅनियर’ लटकवतात, तीही हीच टोपली. ‘कंपनी’सुद्धा याच घरातली: सोबत पाव खाणारे.

इंग्लंडच्या दरबारात तर फॅशन केव्हाच संपल्यावरही हा घेर सक्तीचा राहिला. बाहेर कंबर वर सरकून छातीखाली आली होती, झगे अंगालगत झाले होते. पण राणीपुढे जायचं तर घेर हवाच. मग नव्या कंबरेला जुना घेर जोडला, तो थेट काखेखालून सुरू झाला. त्या काळची चित्रं पाहिली की कोंबड्या झाकायच्या डालग्यातून कुणीतरी डोकं बाहेर काढलंय असं वाटतं. १८२०मध्ये चौथ्या जॉर्जने हा नियम काढला, तेव्हा त्या बायकांनी मोकळा श्वास घेतला असेल.

आता तुमच्या भाषांतराकडे. कादंबरीतलं साल बघा. १८४०च्या दशकातलं ‘क्रिनोलिन’ असेल तर ते केसांच्या कापडाचा ताठ परकर. तिथे ‘पोलादी कडी’ लिहिलंत तर चुकेल. १८५६नंतरचं असेल तर बहुतेक पिंजराच. पहिल्यांदा येईल तेव्हा ‘क्रिनोलिनचा पोलादी सांगाडा’ असं वाक्यात गुंफून टाका आणि पुढे नुसतं ‘क्रिनोलिन’ ठेवा. वाचक सांभाळून घेतात. ‘फुगीर परकर’ म्हणालात तर बाई दारात अडकते तो प्रसंग मराठीत कळणारच नाही, कारण परकर दाबला की दबतो. ‘घागरा’ शब्दही टाळा, तो राजस्थान आणि गरबा सोबत घेऊन येतो. त्याऐवजी ‘झगा’ बरा, जुन्या मराठीत गोऱ्या बायकांच्या कपड्याला तोच म्हणत. ‘कॅनकॅन’ तर नकोच. नाच १८३०चा असला तरी परकराला ते नाव विसाव्या शतकात पडलं. तुमची नायिका शंभर वर्षं आधीची आहे.

दुकानात मात्र कॅनकॅनच म्हणा. क्रिनोलिन मागितलंत तर तो आतून टेरिकॉटचा कुठलासा नवा तागा काढून दाखवेल. आणि डबल सांगितलाच आहात, तर आतलं अस्तर मऊ सुती घ्यायला विसरू नका, नाहीतर सप्तपदीला मुलगी पाय खाजवत बसेल.