मेल उडवले, मग जागा गेली कुठं?

प्रश्न : माझं सांगलीत जीएसटी-इन्कमटॅक्सचं छोटं ऑफिस आहे. आउटलुकमध्ये २०१४ पासूनचे मेल साठलेत. सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून दोन रविवार बसून हजारो मेल उडवले, डिलिटेड आयटम्सपण रिकामं केलं, तरी फाइल ३१ जीबी ती ३१ जीबीच. दुकानवाला म्हणतो मोठी एसएसडी (कंप्युटरच्या आतली डिस्क) टाका. टाकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : थांबा ताई, पर्स आत ठेवा. दोन रविवार वाया गेले नाहीत, फक्त शेवटचं एक बटण दाबायचं राहिलंय. आउटलुक तुमचे सगळे मेल एकाच मोठ्या डेटा फाइलमध्ये (बहुधा तिचं नाव .pst नं संपतं, म्हणून पीएसटी) कोंबतं, आणि मेल उडवला की आतली जागा मोकळी होते पण फाइल लगेच आकसत नाही, लाडू संपले तरी डबा फडताळात तेवढीच जागा अडवून बसतो ना, अगदी तसं. क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीचं, आउटलुक असेल तर फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, तिथं आपली फाइल निवडून सेटिंग्ज, आणि मग ‘कॉम्पॅक्ट नाऊ’. एवढ्या मोठ्या फाइलला खूप वेळ लागतो, संध्याकाळी लावून घरी जा, मध्येच कंप्युटर बंद करू नका. (थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांनाही हेच, तिथं फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट.)

पण त्याआधी आउटलुक बंद करून पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढाच. तुमचं अकाउंट पॉप (मेल सर्व्हरवरून कंप्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर जुन्या मेलची हीच एकमेव प्रत असू शकते, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात हे मी तुम्हाला काय सांगणार! आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून कंप्युटर-फोन सगळीकडं तेच दाखवणारं) असेल तर उलटी गंमत, इथं उडवलेलं सर्व्हरवरूनही जातं, मग फोनवर शोधत बसाल.

आणि पुढच्या वेळी तारखेप्रमाणे उडवू नका हो, साइझप्रमाणे लावा. नुसत्या मजकुराचे शेकडो मेल मिळून जेवढी जागा खात नाहीत तेवढी एक स्कॅन केलेली पीडीएफ खाते, त्यात अटॅचमेंट मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, १५ एमबीची २० एमबी होते. सेंट आयटम्स तर कुणी बघतच नाही. माझ्याकडं एकच बॅलन्सशीट पाच वेळा सापडली, मी पाठवलेली, दुरुस्त करून परत आलेली, मी पुन्हा पाठवलेली, शिवाय ‘फायनल’ आणि ‘फायनल २’.

कॉम्पॅक्ट करूनही फाइल २५ जीबीच्या वरच राहिली तर एसएसडीचा विचार करू, तोवर दुकानवाल्याला म्हणावं, बघते.