डोक्याला मार लागल्यावर लघवी एवढी का वाढते? किडनी निकामी होतेय का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या फक्त डोक्याला मार लागलाय, ते अजून शुद्धीवर नाहीत, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे, तरी दिवसाला सहा-सात लिटर लघवी होतेय. मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. रिपोर्ट न बघता निदान सांगणार नाही, पण अशा वेळी आम्ही काय बघतो ते सांगते.

क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर किडनी बहुधा चांगली आहे, तिला मेंदूकडून येणारा निरोप थांबलेला असू शकतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात एडीएच नावाचं हार्मोन तयार होतं आणि त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येतं. पाणी धरून ठेव, असं ते किडनीला सांगतं. त्या भागाला मार बसला किंवा सूज आली की हार्मोन कमी पडतं आणि किडनी पाणी सोडत राहते. याला डायबेटीस इन्सिपिडस म्हणतात. साखरेच्या डायबेटीसशी याचा संबंध नाही. युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत, अगदी नळाच्या पाण्यासारखी, रंग नसलेली लघवी दिसते. सलग दोन तास, तासाला ३०० मिली भरली की आम्ही राउंडची वाट न बघता डॉक्टरांना फोन करतो. शुद्धीतला माणूस तहान लागली की पाणी मागतो. बेशुद्ध पेशंटला ते सांगता येत नाही, म्हणून रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) १४५ च्या वर झपाट्याने चढू शकतं. खरी भीती त्याची. डेस्मोप्रेसिन, म्हणजे एडीएचसारखं काम करणारं औषध, दिलं की लघवी बहुतेक वेळा काही तासांतच आटोक्यात येते, आणि पुष्कळ जणांत हा त्रास तात्पुरता असतो.

मात्र मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल चालू असेल तर त्यानेही लघवी वाढते. ते आधी विचारा.

कधी उलटंही होतं. एडीएच जास्त झालं की पाणी साठतं आणि सोडियम १३५ च्या खाली येतं. मेंदूच्या दुखापतीत किडनीतून मीठच वाहून जाऊनही ते उतरतं. पहिल्यात पाणी कमी करतात, दुसऱ्यात मीठ आणि पाणी दोन्ही भरून काढतात. म्हणून कृपा करून नळीतून स्वतःहून पाणी किंवा मिठाचं काही देऊ नका.

किडनीला खरी इजा होते ती बहुधा रक्तस्रावाने बीपी पडल्यावर, स्नायू चिरडल्यावर किंवा काही औषधांनी. तेव्हा क्रिएटिनिन चढतं, लघवी बऱ्याचदा कमी होते.

आज डॉक्टरांना विचारा: कालचं आणि आजचं सोडियम किती, लघवीची ऑस्मोलॅलिटी (लघवी किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) पाठवली का, आणि सोडियम चढलं असेल तर ते किती वेगाने उतरवणार.