घरात पहिलं कुत्रं आणताय? आधी हे बघा

जात निवडताना नुसत्या रूपावर जाऊ नका. ती मुळात कशासाठी तयार झाली ते बघा. बीगल वासावर शिकार करणारा, एकदा वास लागला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. बॉर्डर कॉली मेंढ्या वळणारी; काम नसेल तर धावणाऱ्या पोरांनाच वळायला लागते, टाचांना दातही लावते. घरात लहान मुलं असतील तर मी लॅब्रॅडॉरच सुचवेन. पण केस वर्षभर गळतात, सोफ्यावर, कपड्यांवर, अगदी ताटातही. वजनही भराभर वाढतं, तेव्हा खाणं मोजूनच द्या. मुलं ‘आम्ही करू’ म्हणतात, पण १०-१२ वर्षं सांभाळायचंय तुम्हालाच. पिल्लू ८ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. आणि सुरुवातीला रात्री त्याला शू करायला न्यायला कोण उठणार, ते आधीच ठरवा.