निवड झाली, आता कॉलेजचं काय?

चि. बाळा,

महाराष्ट्राच्या २३ वर्षांखालील संघात तुझी निवड झाल्याचं कळलं. पेढे पोहोचले. पेठेत फुटबॉलवाल्याचं असतं तसलं कौतुक क्रिकेटवाल्याचं झालं, कोल्हापुरात हे नवलच! तू विचारलंस, "सर, कॉलेज सोडू का?" सोडू नकोस.

आधी हिशोब. सीनियर संघात गेलास तरी पहिल्या २० सामन्यांपर्यंत दिवसाला ४०,००० रुपये, अकरात नसलास तर निम्मे. रणजीच्या साखळीत सात सामने, प्रत्येकी चार दिवसांचे. सगळे खेळलास तर ११ लाख २० हजार. आकडा झकास आहे, पण बोट मोडलं किंवा दोन डावांत अपयश आलं की बसलास घरी. तुझ्या आत्ताच्या गटात तर याहून बरेच कमी मिळतात. रेल्वे, एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय), इन्कम टॅक्स यांच्या खेळाडू कोट्यात धावांबरोबर शिक्षणाचे कागदही बघतात.

आता खेळाचं. आपल्याकडं पावसाळाभर मैदान बंद, एरवी पोरं मॅटवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर वाढतात. मॅटवर चेंडू छान उसळतो, त्यामुळं मागच्या पायावर तू राजा. टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, तसं नाही. तिथं सकाळच्या दवात एसजी कंपनीचा नवा चेंडू टप्पा पडल्यावर दिशा बदलतो, आणि तिसऱ्या दिवशी चेंडू घोट्याजवळ राहतो. हात लांबवून मारतोस ती कव्हर ड्राइव्ह तिथं सरळ स्लिपमध्ये जाणार. चेंडू डोळ्याखाली येईपर्यंत हात सोडू नकोस.

आणि ८० षटकांनंतरचा दुसरा नवा चेंडू! तू साठ-सत्तरवर असतोस, पाय जड झालेले असतात, जिल्ह्याकडून आलेली पोरं नेमकी तिथंच विकेट फेकतात. म्हणून नेटमध्ये नवा चेंडू शेवटी, दमल्यावर मागून घे. ताजातवाना असताना कुणीही खेळतं.

भारताची टोपी मिळेल का, हे मात्र मला विचारू नकोस. भाऊसाहेब निंबाळकर आपल्या कोल्हापूरचेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या, तेवढ्यात समोरचा संघच सामना सोडून निघून गेला. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच, तरी कसोटी एकही नाही. मुंबईच्या अमोल मुजुमदारनं पदार्पणात २६० काढले, पुढं ११ हजारांवर धावा केल्या, त्यालाही टोपी नाही. दोघंही वर्षानुवर्षं खेळत राहिले, संघ बदलून का होईना. तुला असं खेळायला आवडेल का, ते बघ. आवडणार नसेल तर आत्ताच सांग, मी रागावणार नाही.

परीक्षेचं वेळापत्रक आणि शिबिराच्या तारखा एका कागदावर लिहून रविवारी सकाळी ये. प्राचार्यांशी मी बोलतो. येताना वापरलेले दोन एसजी चेंडू आण, आणि आईला सांग, जेवायला उशीर होईल.

— सर