मखितारियानची कारकीर्द वाया गेली का?

‘वाया गेला’ हा शब्द तुम्ही प्रश्नात घातला नसता, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो. तुम्ही विचारलंय की एवढी गुणवत्ता असून आर्मेनियाचा फुटबॉलपटू हेन्रिख मखितारियान इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला का चालला नाही, आणि त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणता येईल का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. नाही. अजिबात नाही.

हा शब्द मी दहाव्या वर्षापासून ऐकतोय. माझे वडील कोल्हापुरात पेठेतल्या एका संघाकडून लेफ्ट विंगला खेळायचे. दिवसभर फाउंड्रीत काम, संध्याकाळी मैदान. कावीळ अंगावर काढली आणि ऐन पावसाळ्यात गेले. दिवसकार्य उरकल्यावर थोरल्या काकांनी त्यांचे बूट पेठेतल्याच एका पोराला देऊन टाकले. मला कुणी सांगितलं नाही. ते कळलं हंगाम सुरू झाल्यावर, शाहू स्टेडियमवर. मी पायऱ्यांवर बसलो होतो. चेंडू आमच्या बाजूला बाहेर आला, तो घ्यायला ते पोरगं धावत आलं आणि त्याच्या उजव्या बुटाच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याची शिवण दिसली. चांभाराकडे काळा दोरा संपला होता म्हणून ती पिवळी घातलेली. वडिलांबरोबर मी तिथे उभा होतो. सामना कोण जिंकलं ते आठवत नाही, मी नव्वद मिनिटं ते पायच बघत होतो. घरी येऊन रडलो तेव्हा काका म्हणाले, “बापासारखं वाया जायचंय का तुला? त्या बॉलनं काय दिलं त्याला?” आई चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. त्यानंतर मी मैदानावर उतरलो नाही. डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी धरली.

मखितारियान माझ्याच वयाचा, 1989 चा. त्याचे वडील हॅम्लेट मखितारियान येरेवानच्या अरारात संघाचे स्ट्रायकर होते, पुढे फ्रान्समध्ये व्हॅलेन्सकडून खेळले. मेंदूच्या गाठीने 1996 मध्ये गेले, वय फक्त 33. पोरगं तेव्हा सात वर्षांचं. त्याच्या घरात मात्र कुणी बूट वाटून टाकले नाहीत. आई आर्मेनियाच्या फुटबॉल महासंघात कामाला लागली, मुलगा येरेवानच्या प्युनिक क्लबात तयार होत राहिला, तेरा-चौदाचा असताना काही महिने ब्राझीलला साओ पावलोत शिकायला गेला. वडिलांच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती तो अजून बघतो, हे त्यानेच सांगितलंय. माझ्याकडे वडिलांचा खेळतानाचा एकही फोटो नाही.

आता ज्या रात्रीपासून या शब्दावरून माझं आणि चुलतभावाचं भांडण चालू आहे ती सांगतो. 9 एप्रिल 2014, आपल्याकडचे रात्रीचे सव्वाबारा. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यांत मोठी स्पर्धा, तिची उपांत्यपूर्व फेरी. मखितारियान तेव्हा जर्मनीच्या डॉर्टमंडकडून खेळायचा, समोर रेआल माद्रिद. पहिला सामना डॉर्टमंड 3-0 ने हरलेलं. पुण्यातल्या खोलीवर मी आणि चुलतभाऊ, म्हणजे त्याच काकांचा मुलगा, दोघंच जागे. मार्को रॉइसने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. आणखी एक झाला की दोन्ही सामने मिळून बरोबरी. दुसऱ्या अर्धात मखितारियान सुटला, माद्रिदचा गोलकीपर कासियासला चकवून बाजूने निघाला, समोर रिकामा गोल, आणि चेंडू खांबाला लागून बाहेर. डॉर्टमंड बाहेर पडलं. दादा अंथरुणावर आडवा होत म्हणाला, “वाया गेलेला माल आहे रे हा. साडेसत्तावीस मिलियन युरो पाण्यात.” डॉर्टमंडने त्याला तेवढ्याला घेतलं होतं. शब्द काकांचाच, आवाजही जवळपास तोच. त्या रात्री मी दादाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन महिने आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

आता हिशोब घ्या. दोनच हंगामांनी, 2015-16 मध्ये, डॉर्टमंडचा नवा प्रशिक्षक टुखेलच्या हाताखाली हाच माणूस बुंडेसलीगा या जर्मन लीगमधल्या सगळ्यांत धोकादायक खेळाडूंपैकी एक होता आणि तिथल्या खेळाडूंनी त्यालाच हंगामाचा सर्वोत्तम निवडला. त्याआधी शाख्तार दोनेत्स्कमध्ये 2012-13 ला युक्रेनच्या लीगमध्ये 29 सामन्यांत 25 गोल, तेही मिडफिल्डर असून. असा माणूस एका खांबामुळे वाया गेला?

मँचेस्टरचं म्हणाल तर कारण तिथला प्रशिक्षक मोरिन्यो. सप्टेंबर 2016 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध त्याला पहिल्यांदा लीगमध्ये सुरुवातीपासून उतरवलं, मध्यंतराला बाहेर काढलं आणि पुढे दोन महिन्यांहून जास्त काळ लीगमध्ये मैदानच दाखवलं नाही. मोकळ्या जागेत चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला आधी मागे धावून बचाव करायला सांगितलं की हेच होतं. तरी त्याच हंगामात संडरलँडविरुद्ध टाचेने मागून मारलेला तो गोल झाला, आणि मे 2017 ला स्टॉकहोममध्ये युरोपा लीगच्या, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात आयाक्सविरुद्ध दुसरा गोल त्याचाच. जानेवारी 2018 मध्ये त्याला आर्सेनलला देऊन बदल्यात अलेक्सिस सांचेस घेतला. सांचेसने युनायटेडमध्ये काय दिवे लावले ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणजे दोष कुणाचा, तुम्हीच ठरवा.

पुढे मखितारियान इटलीच्या रोमा क्लबात असताना तोच मोरिन्यो पुन्हा प्रशिक्षक म्हणून आला आणि 2021-22 च्या हंगामात याला कायम खेळवत राहिला. हे कुणी सांगत नाही.

बाकूचा विषयही काढतो, कारण त्यावरही दादाने मला छळलंय. 2019 चा युरोपा लीग अंतिम सामना अझरबैजानच्या राजधानीत होता, आर्सेनल विरुद्ध चेल्सी. मखितारियान गेला नाही. दादाचं म्हणणं, घाबरट, सुरक्षेची हमी दिली होती तरी नाही गेला. नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान या दोन देशांत माणसं मेली आहेत, दोघांमध्ये राजनैतिक संबंधच नव्हते. आर्मेनियाच्या कर्णधाराने तिथे भरल्या स्टेडियममध्ये उतरायचं? त्याला सामना खेळायला मिळाला नाही म्हणून लाज वाटायला हवी ती सामना तिथे ठेवणाऱ्यांना. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, काराबाखवरून पुन्हा युद्ध पेटलं. या मुद्द्यावर मी माघार घेणार नाही.

उरलेलं पटकन. रोमाकडून 2020-21 मध्ये सेरी आ या इटलीच्या लीगमध्ये 13 गोल, मग 2022 ची कॉन्फरन्स लीग, म्हणजे युरोपातली तिसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, जिंकली, त्यातल्या अंतिम सामन्यात दुखापतीतून परत आला आणि सतराव्या मिनिटाला पुन्हा बाहेर. मग मिलान शहरातलाच इंटर क्लब. 34 व्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत त्याच शहरातल्या एसी मिलानविरुद्ध अकराव्या मिनिटाला गोल. 2024 ला सेरी आचं विजेतेपद, इंटरचं विसावं. तिथे त्याच्या शेजारी मिडफिल्डमध्ये चाल्हानोग्लू, म्हणजे तुर्कस्तानचा. आर्मेनियन आणि तुर्क एकाच फळीत, एकमेकांची जागा भरत. 1915 च्या आर्मेनियन हत्याकांडाचा इतिहास माहीत असेल तर त्या दोघांच्या पासकडे नुसता खेळ म्हणून बघवत नाही. देशासाठी 95 सामने आणि 32 गोल, गोलांत आर्मेनियाचा सर्वाधिक. जेमतेम तीस लाख वस्तीचा देश आहे तो.

तुमच्या घरात कुणी पोरगं खेळत असेल तर एकच करा, त्याचे बूट त्याच्या हाताला लागतील अशा जागी ठेवा. शाळा, क्लास, काय ते नंतर बघा. त्याने खांबाला चेंडू मारला तर त्या रात्री त्याच्यासमोर काही बोलू नका. आमच्या काकांना हे कुणी सांगायला हवं होतं. ते वाईट नव्हते, भाऊ गेलेला माणूस होता आणि माझी काळजी होती, हे मला आता कळतं. पण बूट माझे होते.

एक मान्य करतो, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. 2014-15 चा डॉर्टमंडचा हंगाम त्याचा खरोखर वाईट होता, त्याचं खापर मी कुणा प्रशिक्षकावर फोडणार नाही. आणि इंटरबरोबर दोनदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचून दोन्ही हरला, 2025 ला म्युनिकमध्ये तर पॅरिसकडून 5-0. तो सामना मी आणि दादाने एकत्र पाहिला. चौथ्या गोलनंतर त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि पहिल्यांदाच विचारलं, “ते पिवळ्या दोऱ्याचे बूट कुणाला दिले होते रे बाबांनी?” मी नाव सांगितलं. तो माणूस अजून पेठेतच राहतो.