दोन आठवडे नेपाळला जाऊन दिव्यांग मुलांसाठी काम करायचं आहे. चांगली संस्था कशी ओळखायची? (मी कोल्हापूर, बीकॉम शेवटचं वर्ष)

संस्थेचं नंतर बघू. तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "एजन्सीवाले म्हणाले, मुलांना भरवायचं आणि खेळवायचं, एवढंच काम असतं." या ‘एवढंच’साठीच उत्तर लिहितोय.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाची मान मागे पडलेली असताना घास दिला, तर तो श्वासनलिकेत उतरू शकतो. न्यूमोनिया तिथूनच होतो. मूल ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि भरवणारा समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसलेला. उभ्याने भरवलं की मूल वर बघतं आणि मान मागे जाते. चमचा उथळ, घास अर्धा चमचा. चमचा जिभेवर हलका दाबून सरळ बाहेर काढायचा, वरच्या दातांवर पुसायचा नाही. गिळल्याशिवाय दुसरा घास नाही. सगळ्यात अवघड असतं साधं पाणी, कारण ते गिळायच्या आधीच घशात पळतं. दाटसर आंबील त्यामानाने सोपी. नेपाळात जाउलो देतात, म्हणजे आपली मऊ खिचडी. गुठळी राहिली तर तीही अडकते. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज ओलसर, घरघरीत झाला की थांबायचं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एकेका मुलाला पाऊण तास लागतो आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ती कळेपर्यंत तुमची परतीची गाडी आलेली असते.

बसणं चुकलं की भरवणंही चुकतं, आणि इथे जुना वाद येतो. "काहीच नसण्यापेक्षा मोठी व्हीलचेअर बरी," असं व्हीलचेअर वाटपाची शिबिरं घेणारे अजून ऐकवतात. नाही, बरी नाही. मुलाची कंबर २४ सेंमी रुंद आणि सीट ४० सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ८-८ सेंमी मोकळं. मूल एका बाजूला कलतं, पाठीचा कणा वाकतो. सीट खोल असेल तर कंबर पुढे घसरते, पाय लोंबकळतात, मान मागे. म्हणजे पुन्हा तोच घास, तीच श्वासनलिका. टेप घेऊन मोजा: पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर, त्यातून ३ सेंमी वजा, ही सीटची खोली. रुंदी कमरेपेक्षा जेमतेम २ सेंमी जास्त. पायाखाली फळी अशी की गुडघे काटकोनात राहतील. पट्टा मांडी आणि कंबर यांच्या घडीवरून, ४५ अंशांत. पोटावरून बांधला तर मूल घसरताना तो छातीवर चढतो. खुर्चीच्या बैठकीला १२ मिमी प्लायवूड, खाली कडक आणि वर मऊ फोम, बाजूंना पॅड. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातला वेल्डर आणि सोफा शिवणारा मिळून हे करून देतात, मापं मात्र फिजिओकडून घ्या. परदेशी खुर्चीचा टायर फाटला की त्या मापाचा इथे मिळेलच असं नाही, मग ती कोपऱ्यात कपडे वाळत घालायला.

आता संस्था. तीन गोष्टी विचारा: मुलांचे आईवडील कुठे आहेत? तुमचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट (तुमच्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला) मागणार का? तुमच्या पैशातले किती संस्थेला जातात? पहिला प्रश्न महत्त्वाचा. नेपाळातल्या बालगृहांत आईवडील असलेली मुलंही पुष्कळ असतात, आणि पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुलं ठेवण्याचे प्रकार तिथे उघडकीस आलेत. क्लिअरन्स न मागणाऱ्या ठिकाणी तर जाऊच नका. तुम्हाला जसं सहज आत घेतात तसंच कुणालाही घेतील.

हां, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटर असाल तर वेगळं. तीन महिने जा, मुलांपेक्षा तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि मुलांच्या आईंना शिकवा. वर्षभर द्यायची तयारी असेल तर स्कॉटलंडमध्ये १९४० साली सुरू झालेल्या कॅम्पहिलसारख्या वस्त्या आहेत, तिथे स्वयंसेवक दिव्यांगांसोबत राहतात. ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, बिनपगारी.

तुम्ही बीकॉम. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड आहे. हिशोब, पावत्या, अनुदानाचे अर्ज ही कामं दिव्यांगांच्या प्रत्येक संस्थेत पडून असतात. विचारून बघा. मुलांसोबतचा फोटो मात्र मिळणार नाही.